चाळणीत अडकलेले पत्र

मुंबईच्या डबेवाल्यांविषयी या तालुक्यांत कोणी कोणाला नव्याने सांगावे असे फारसे काही नाही. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, मुळशी या पट्ट्यांतली कितीतरी माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्या धंद्यात आहेत, आणि सुमारे १८९० पासून तो धंदा चालू आहे. डब्याच्या झाकणावर रंगाने खुणा काढलेल्या असतात. कोणत्या स्टेशनवर उतरवायचा, कोणत्या इमारतीत न्यायचा, कितव्या मजल्यावर द्यायचा, हे सगळे त्या खुणांत असते. बाहेरचे लोक या खुणांचे फार कौतुक करतात. आम्हांला मात्र त्या व्यवस्थेतली खरी शहाणपणाची गोष्ट दुसरीच वाटते. रिकामा डबा त्याच दिवशी घरी परत येतो. तो भरलेलाच परत आला तर घरच्या बाईला लगेच कळते की आज काहीतरी बिनसले आहे. माणूस कामावर नव्हता, आजारी होता, नाहीतर रागावला होता. डबा पोचला की नाही हे विचारायला तिला कोणाच्या दारात जावे लागत नाही. डबाच येऊन सांगतो.

आज ज्याविषयी बोलावयाचे आहे त्या ई-मेलच्या पत्राचा डबा पुष्कळदा परत येत नाही. तो पोचतही नाही आणि परतही येत नाही. पाठवणारा समजतो पोचला. ज्याला पाठवला तो समजतो की पाठवलाच नाही. मग दोघे एकमेकांना दोष देत बसतात, आणि ज्याने मधल्या मधे डबा अडवला तो कोणालाच दिसत नाही.

आम्ही काही या विद्येतले तज्ज्ञ नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली; पुढचे जे काही आले ते वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात आले. या विषयाच्या मागे लागण्याचे कारण घडले ते असे. भाजी निवडून पेट्या भरण्याच्या एका ठिकाणी कामाला असलेल्या अकरा बायकांचा किमान वेतनातील फरकाचा दावा आमच्याकडे होता. संबंधित कचेरीने बैठकीची तारीख आम्हांला ई-मेलने कळवली. ती आम्ही पाहिलीच नाही. बैठक आमच्यावाचून झाली आणि कागदावर “अर्जदार गैरहजर” असा शेरा पडला. बातमी आमच्या आधी बायकांपर्यंत गेली. त्यांतल्या एकीने आम्हांला मंचरच्या बाजारात गाठले. “भाऊ, तारखंला तुम्ही गेलाच न्हाई म्हणं?” एवढेच ती म्हणाली. पुढचे तिने बोलून दाखवले नाही, पण कामगार चळवळीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला ते ऐकू येते. पुढारी तारखेला गेला नाही याचा अर्थ मालकाने त्याला गाठला, असाच गावात लावतात.

पत्र कोठे होते? आमच्याच खात्यात होते. ‘स्पॅम’ नावाच्या कप्प्यात, लॉटरीच्या आणि विनातारण कर्जाच्या थापांच्या मधोमध, सतरा दिवस पडून होते.

आता हा शब्द कोठून आला ते थोडक्यात सांगतो, कारण तो गमतीचा आहे. स्पॅम हे अमेरिकेतल्या एका डबाबंद मांसाचे नाव. ते १९३७ साली बाजारात आले. १९७० मध्ये इंग्रजी दूरचित्रवाणीवर एक विनोदी प्रवेश झाला. त्यात खाणावळीतल्या प्रत्येक पदार्थात हेच मांस असते आणि त्या नावाच्या घोषाने कोणाला दुसरे काही बोलताच येत नाही. नको असलेल्या पत्रांच्या भडिमाराला संगणकवाल्यांनी पुढे हेच नाव दिले. भडिमार मात्र त्या नावाहून जुना. मे १९७८ मध्ये, इंटरनेटचा पूर्वज जो अर्पानेट त्यावर, संगणक विकणाऱ्या एका कंपनीच्या गॅरी थर्क नावाच्या माणसाने सुमारे चारशे जणांना एकच जाहिरात पाठवली. तेव्हा लोक संतापले. आज जगात जेवढी ई-पत्रे निघतात त्यांतली निम्म्याच्या आसपास याच जातीची असतात असा अंदाज आहे. पत्र पाठवायला पैसा पडत नाही, तेव्हा लाखात एक गिऱ्हाईक फसले तरी ठकाचे भागते. म्हणून चाळणी लागते. चाळणी नको असे आम्ही म्हणत नाही. ती काढली तर आठवड्याभरात कोणाचेच खाते वापरण्याजोगे राहणार नाही.

प्रश्न आहे तो चाळणी काय पाहते याचा. खळ्यावर उपणताना आपण वारा पाहतो. जड दाणा खाली पडतो, हलके भूस उडून जाते. पत्राला असे वजन नाही. मग यंत्राने ओळखावे कसे?

पहिला उपाय सरळ होता, आणि तितकाच बावळट. वाईट शब्दांची यादी करावी आणि त्यांतला एखादा दिसला की अडवावे. १९९६ साली इंग्लंडातल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना एका मोठ्या अमेरिकन कंपनीकडे खातेच उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात, इंग्रजी अक्षरांत, एक अभद्र शब्द दडलेला आहे. आपल्याकडे हसण्याचे कारण नाही. दीक्षित हे आडनाव रोमन लिपीत लिहून त्याची शेवटची चार अक्षरे पाहावीत. वेदशास्त्रसंपन्न घराण्याला यंत्राने शिवी ठरवावी अशी ती सोय आहे.

पुढे गुण देण्याची पद्धत आली. २००१ च्या सुमारास निघालेला ‘स्पॅमअसॅसिन’ नावाचा कार्यक्रम अजून पुष्कळ ठिकाणी चालतो. त्यात एकेका लक्षणाला गुण असतात, काही वाढवणारे, काही घटवणारे. विषयाची ओळ सगळी मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिली की काही गुण, नुसतेच चित्र आणि मजकूर थोडा असला की काही गुण. बेरीज पाचावर गेली की पत्र संशयित, असा त्याचा मूळ दंडक आहे. त्यात एक लक्षण “अनोळखी लिपी” हेही ठेवता येते. सर्व्हर सांभाळणाऱ्याने आपल्याला इंग्रजीच पत्रे येतात असे ठरवून तशी कळ फिरवली, तर देवनागरीत लिहिलेले पत्र केवळ देवनागरीत आहे म्हणून गुन्ह्याचे गुण मिळवून बसते. मोठ्या कंपन्यांच्या चाळण्या आता बहुतेक लिप्या वाचतात, हे खरे. पण सगळ्याच कचेऱ्यांतल्या चाळण्या मोठ्या कंपन्यांच्या नसतात.

तिसरी पद्धत शिकणाऱ्या यंत्राची. थॉमस बेझ हा अठराव्या शतकातला इंग्लंडातला धर्मोपदेशक. पुराव्यावरून शक्यता कशी मोजावी, यावरचा त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये छापला गेला. ते गणित २००२ च्या ऑगस्टमध्ये पॉल ग्रॅहम या अमेरिकन लेखकाने पत्रांना लावून दाखवले आणि ती रीत सर्वत्र पसरली. एका ढिगात चांगली पत्रे ठेवायची, दुसऱ्यात वाईट. प्रत्येक शब्द कोणत्या ढिगात किती वेळा येतो ते मोजायचे. नवे पत्र आले की त्यातल्या ठळक शब्दांवरून ते कोणत्या ढिगाचे असावे याचा हिशेब करायचा. यात एक बारकावा आम्हांला फार आवडला. चांगल्या ढिगातल्या शब्दांची मोजणी ग्रॅहमने मुद्दाम दुप्पट धरली. वाईट पत्र निसटले तर एक चापटी मारून फेकता येते, पण चांगले पत्र मारले गेले तर ते मारले गेल्याचेही कळत नाही, म्हणून पारडे आधीच निरपराध्याकडे झुकवून ठेवावे, असा त्याचा विचार. दोन चुका सारख्या नाहीत हे चाळणी बनवणाऱ्यानेच ओळखले होते.

आजची यंत्रे याच्या कितीतरी पुढे गेली आहेत. पण शब्दांवरून माणूस ओळखण्याचा मूळ घोटाळा पुरता सुटलेला नाही. आमच्या पत्रांत काय असते? “तातडीचे”, “थकबाकी”, “रक्कम”, “बँक खात्याचा तपशील”, “शेवटची संधी”. ठकाच्या पत्रातही हेच असते, कारण तो गरजवंताचीच भाषा उचलतो. ज्याला कोणतीही घाई नाही आणि कोणाकडून पैसे यावयाचे नाहीत अशा माणसाचे पत्र चाळणीतून बिनतक्रार जाते.

याहून आम्हांला जवळची वाटते ती काळी यादी. कामगार चळवळीतल्या माणसाला हा शब्द समजावून द्यावा लागत नाही. संप मोडला की पुढे असलेल्यांची नावे एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात जातात. फाटकावर कोणी कारण सांगत नाही. नुसते “जागा नाही” म्हणतात. इंटरनेटवर प्रत्येक सर्व्हरला एक आकड्यांचा पत्ता असतो, आणि ज्या पत्त्यांवरून कचरा येतो त्यांच्या याद्या ठेवणाऱ्या संस्था आहेत. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध ‘स्पॅमहाउस’ १९९८ पासून चालू आहे. त्यांचे काम उपयोगाचे आहे यात शंका नाही. पण गरीब संस्थांचे बिऱ्हाड स्वस्तातल्या सामाईक सर्व्हरवर असते. एकाच पत्त्यावर शेकडो भाडेकरू, आणि त्यांतल्या एकाने कचरा टाकला की सगळी चाळ बदनाम होते. कधी कधी तर शेजारच्या पत्त्यांसकट सबंध आळी यादीत जाते. १८७१ च्या कायद्याने या देशात जन्मावरूनच माणसांना गुन्हेगार ठरवले होते. तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ रोजी पुसला गेला, आणि तो किती खोलवर राहतो हे आपण अजून पाहतो. यंत्राच्या यादीची त्या अन्यायाशी बरोबरी करावयाची नाही. पण कोण राहतो हे न पाहता वस्तीवरून ठरवायचे, ही सवय ओळखीची आहे.

आमची दुसरी फजिती याच वाटेने झाली. बैठक चुकल्यावर आम्ही खुलाशाचे पत्र संघटनेच्या स्वतःच्या पत्त्यावरून पाठवले, आणि तेही तिकडे उघडले गेले नाही. अवसरीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या एका मुलाने आमच्या कचेरीत बसून दोष दाखवून दिला. आमच्या नावाने पत्र पाठवण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरला आहे, याची नोंद जाहीरपणे करून ठेवावी लागते. तिला ‘एसपीएफ’ म्हणतात. पत्रावर यंत्राची सही असावी लागते, ती ‘डीकेआयएम’. आणि या दोहोंत गफलत आढळली तर काय करावे याची सूचना, ती ‘डीमार्क’. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी दिवसाला पाच हजारांच्या वर पत्रे पाठवणाऱ्यांवर या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या. लहानांनाही यांतले काही ना काही असल्यावाचून आता बरे दिवस नाहीत. आमच्याकडे एकही नव्हते. शिक्क्याशिवाय आणि सहीशिवाय आलेला कागद आम्ही तरी घेतला असता काय? तेव्हा सगळा दोष चाळणीच्या माथी मारता येत नाही. मुलाने एका दुपारीत तिन्ही नोंदी करून दिल्या आणि चहाशिवाय काही घेतले नाही.

चुका थोड्याच होतात, असे यावर सांगतात. हिशेब करून पाहावा. समजा, एखाद्या कचेरीत रोज शंभर खरी पत्रे येतात आणि चाळणी इतकी चांगली आहे की पाचशे खऱ्या पत्रांत एकच चुकून अडवते. वर्षाचे तीनशे कामाचे दिवस धरले तर तीस हजार पत्रे झाली, त्यांतली साठ गेली. त्या साठांत कोणाचा नोकरीचा हुकूम असेल, कोणाच्या पेन्शनची त्रुटी कळवलेली असेल. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने प्रवेशाचा निर्णय कळवणारी पत्रे अर्जदारांना धाडली, तेव्हा त्यांतली सुमारे पाऊणशे ते शंभर एका मोठ्या कंपनीच्या चाळणीने कचरा म्हणून नाकारली. हार्वर्डचे होते म्हणून ते वर्तमानपत्रांत आले.

आणि येथे मूळ मुद्द्याकडे यावयाचे. चूक होणारच, ती झाल्याचे कळते की नाही, हा खरा प्रश्न. ई-पत्रांची देवघेव कशी व्हावी याचे नियम जॉन पोस्टेल या शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये लिहून काढले. त्यात दोन सर्व्हर एकमेकांशी आकड्यांत बोलतात. २५० म्हणजे घेतले; ५५० म्हणजे घेत नाही; चाराने सुरू होणारा आकडा म्हणजे आत्ता नको, पुन्हा ये. एकदा २५० म्हटले की पत्राची जबाबदारी घेणाऱ्याची. एक तर पोचवावे, नाहीतर पोचवता आले नाही असे पाठवणाऱ्याला कळवावे. डबेवाल्याचाच नियम आहे हा. या नियमांची २००८ मधली आवृत्ती तर, पत्र घेऊन गुपचूप टाकून देणे ही जुन्या परंपरेविरुद्धची आणि धोक्याची गोष्ट आहे, असे बजावते.

मग मौन आले कोठून? त्यालाही कारण आहे, आणि ते सांगितले पाहिजे. ठक आपला खरा पत्ता लिहीत नाही, तो दुसऱ्याच भल्या माणसाचा पत्ता घालतो. पत्र परत पाठवावे तर ते त्या भल्या माणसाच्या दारात पडते; लाखो पत्रे परत पाठवली की त्याचे खाते बुडते. म्हणून एकदा घेतलेले पत्र मागाहून परत पाठवण्याचे सोडून सर्व्हरवाल्यांनी गप्प बसण्याची रीत धरली. पण दारातच, २५० म्हणण्याच्या आधी, ५५० म्हणून नाकारले तर ही अडचण पुष्कळशी टळते. कारण तेव्हा जो दारात उभा आहे त्यालाच नकार मिळतो, आणि खऱ्या माणसाचा सर्व्हर त्याला तो कळवतो. फाटकावर “नाही” म्हणणारा पहारेकरी आम्हांला चालतो. त्याच्याशी भांडता येते. अर्ज हसतमुखाने घेऊन टोपलीत टाकणाऱ्याशी कसे भांडावे?

खोडदला ज्यांनी मोठी दुर्बीण पाहिली असेल त्यांना पुढचे लवकर समजेल. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून जुन्नर तालुक्यात उभी राहिलेली ती रेडिओ दुर्बीण. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, काही खोडदजवळ एकवटलेल्या, बाकीच्या दूरवर तीन दिशांना पसरलेल्या. आकाशातून येणारा संदेश इतका क्षीण असतो की मोबाइल, विजेच्या तारा, गाडीच्या इंजिनातली ठिणगी यांचा गोंगाट त्याला सहज बुडवतो. म्हणून तेथेही चाळणी लागते, आणि तेथेही भीती हीच की गोंगाट म्हणून फेकले ते खरे असले तर? ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स येथील दुर्बिणीने २००१ साली घेतलेल्या नोंदी जपून ठेवल्या होत्या. २००७ मध्ये त्या पुन्हा चाळताना सेकंदाच्या काही सहस्रांश भागाचा एक प्रखर ठोका सापडला. पुष्कळांना तो खोटा वाटला, कारण त्याच दुर्बिणीत तसेच दिसणारे दुसरे ठोके पृथ्वीवरचेच निघत होते. २०१५ मध्ये छडा लागला की ते दुसरे ठोके आवारातल्या मायक्रोवेव्ह भट्टीचे; भट्टी थांबण्याआधी कोणी दार उघडले की उमटत. २००१ चा ठोका मात्र खराच होता, दूरच्या आकाशातला, आणि तसे शेकडो आता सापडले आहेत. भट्टीचा गोंगाट आणि आकाशाचा संदेश वेगळा करता आला, तो जुन्या नोंदी फेकून दिल्या नव्हत्या म्हणून.

कायद्याची बाजू यापेक्षा कोरडी, पण श्रोत्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००, याच्या कलम १३ प्रमाणे, दोघांत वेगळे काही ठरलेले नसेल आणि पत्र घेण्यासाठी तुम्ही एखादा संगणकीय पत्ता नेमून दिला असेल, तर पत्र त्यात शिरताच ते तुम्हांला पोचले. उघडले की नाही, कोणत्या कप्प्यात पडले, याबद्दल तेथे शब्द नाही. आमच्या समजुतीप्रमाणे स्पॅमच्या कप्प्यात पडलेले पत्रही पोचलेलेच धरले जाण्याचा धोका आहे. जुलै २०२० मध्ये, साथीच्या काळात, सर्वोच्च न्यायालयाने नोटिसा व समन्स ई-मेलने बजावण्यास मोकळीक दिली, आणि तेव्हापासून ही सवय सगळ्या कचेऱ्यांत वाढली आहे. रजिस्टर टपालही १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झाले. तरी टपालाच्या पत्राचा माग लागतो, आणि पत्ता न सापडलेले पत्र परत करण्याची टपालखात्याची रीत जुनी आहे.

आम्ही आता काय करतो ते सांगून थांबतो. सोमवारी आणि गुरुवारी कचेरी उघडली की प्रथम स्पॅमचा कप्पा पाहायचा. गूगलच्या खात्यात तेथली पत्रे तीस दिवसांनी आपोआप पुसली जातात, म्हणून महिनाभर थांबून चालत नाही. खरे पत्र सापडले तर नुसते वाचून सोडायचे नाही, “हे स्पॅम नाही” असे बटण दाबायचे. त्याने यंत्र शिकते. ज्या कचेऱ्यांशी काम पडते त्यांचे पत्ते आपल्या यादीत घालून ठेवायचे. विषयाच्या ओळीत “तातडीचे” न लिहिता अर्जाचा क्रमांक लिहायचा. आणि महत्त्वाचे पत्र धाडले की दुसऱ्या दिवशी फोन करून विचारायचे. कारकून कुरकुरतो, पण पाहतो. तारखेचे काम असेल तर एक प्रत स्पीड पोस्टाने.

बायकांच्या दाव्यात पुन्हा तारीख मिळाली. आधीच्या पत्राची छापील प्रत घेऊन आम्ही त्यांच्या वस्तीवर गेलो आणि ते केव्हा आले, कोठे पडले होते, हे बोट ठेवून दाखवले. नऊ जणी बैठकीला आल्या. दोघींचा अजून आमच्यावर विश्वास बसलेला नाही. त्या म्हणतात, कागद काय, मागाहूनही छापता येतो.